पिढी दोनशे चौदावी

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, संशोधन संस्थेच्या पेशी विभागातून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, आज पूर्ण शुद्धीत हे लिहीत आहे. कोणी हे लिहायला लावलेले नाही; लावण्याइतके जवळचे कोणी उरलेही नाही. सहा वर्षांपूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी घर भावाला दिले होते, ती माझी नजरचूक होती.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, आतल्या सामानासह, माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला द्याव्यात. भावाने चाळीस वर्षे पाहुण्यांपुढे माझी ओळख "आमची ताई, बाटल्या धुते" अशी करून दिली. भाचीने एकदाच विचारले, "आत्या, तू तिथे नक्की करतेस काय गं?" आणि माझे उत्तर संपेपर्यंत ती बसून राहिली.

२. बँकेतली ठेवही तिचीच. संस्थेकडून हार आला तर आणणाऱ्याला चहा द्यावा आणि हार परत पाठवावा.

३. संस्थेने भंगारात काढलेला सूक्ष्मदर्शक मी रीतसर पावती करून विकत घेतला होता. तो खालच्या घड्याळदुरुस्तीवाल्यांना द्यावा. आमच्या विभागातल्या निम्म्या पदवीधरांपेक्षा ते नीट बघतात.

४. विभागाचे तेव्हाचे प्रमुख, ज्यांना सगळे साहेब म्हणत, त्यांना माझे मोजयंत्र द्यावे. बोटाने दाबले की आकडा एकाने पुढे सरकतो, असे ते हातातले यंत्र आहे. आकडा शून्यावर आणायची कळ मी पक्कडीने काढून टाकली आहे. का, ते पुढच्या कलमात येईल.

५. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने कंटाळू नये. मी अकरा वर्षे याची वही लिहिताना कंटाळले नाही.

आमच्याकडे एका रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या पेशी वाढवत ठेवलेल्या होत्या. बाटली भरली की थोड्या पेशी नव्या बाटलीत घालायच्या. तिला आम्ही पुढची पिढी म्हणत असू. दर पिढीत पेशी थोड्या बदलतात, दहा तोंडांतून गेलेल्या निरोपासारख्या. म्हणून पिढीचा आकडा बाटलीवर लिहायचा असतो. साहेबांचा रिवाज वेगळा होता. नवा विद्यार्थी आला की त्याच्या पहिल्या बाटलीवर ते 'पिढी १' लिहायला लावत. "नवा हात, नवी मोजणी," असे हसून म्हणत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खरा आकडा फक्त माझ्या वहीत होता. साहेबांनी या पेशी मारणाऱ्या औषधाचा शोधनिबंध छापला तेव्हा त्यात 'पिढी १२' होती. माझ्या वहीप्रमाणे ती दोनशे चौदावी होती.

तेव्हा विभागात एक मुलगी होती. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिने गोठवलेल्या पेशींच्या टाकीच्या तळातली, सर्वांत जुनी, सातव्या पिढीची कुपी काढून तेच औषध दिले. साहेबांच्या पेशी मरत होत्या. हिच्या मजेत वाढल्या. साहेब म्हणाले, आकडे बनावट आहेत. ती माझ्याकडे आली. मी दोन्हीकडची गुणसूत्रे मोजली: तिच्या पेशींत चौसष्ट, साहेबांच्या पेशींत सत्तावन्न. घराणे एकच, पण वळण पार निराळे. ती खरे बोलत होती.

मग तीन जणांची चौकशी समिती बसली. तिघेही साहेबांच्या निबंधाचे सहलेखक. उंदराला मांजर साक्ष. त्यांनी निवेदन पुढे केले: दोन्ही कुप्यांतल्या पेशींत काहीही फरक आढळला नाही. मी सही केली. माझ्या निवृत्तीला तेव्हा दोन वर्षे होती.

चिमणीला काढले. आज ती रक्ततपासणीच्या दुकानात अहवालांवर सह्या करते. मला ती एकदा बसथांब्यावर भेटली होती.

"बाई, तुम्ही मोजलं होतंत ना?"

"मोजलं होतं."

"किती आले होते?"

"चौसष्ट."

"बरं," ती म्हणाली, आणि आपली नसलेली बस पकडून निघून गेली.

निवृत्तीच्या आठवड्यात मी दोन्ही पिढ्यांच्या प्रत्येकी तीन कुप्या संस्थेतून चोरल्या. हो, चोरल्या. आमच्या ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांकडे द्रव नायट्रोजनची टाकी आहे. तिथे त्या वळूंच्या वीर्याच्या कांड्यांशेजारी आजही गोठलेल्या आहेत. त्या कुप्या, माझी वही आणि गुणसूत्रांची छायाचित्रे चिमणीला द्यावीत. तिने त्या तपासाव्यात किंवा मोरीत ओताव्यात. माझ्यावर खटला करायचा असेल तर, नाइलाजाने, माझ्या ठेवीवर करावा.

६. या पत्राचे व्यवस्थापक म्हणून मी त्याच गुरांच्या डॉक्टरांना नेमते. आज दुपारी मसुदा वाचून ते म्हणाले, "ताई, हे पाचवं कलम तुम्ही मेल्यावर कशाला?"

"तेव्हा मला कोणी प्रश्न विचारणार नाही म्हणून."

"म्हणजे ती पुन्हा एकटीच उभी राहणार. वही कोणाची, मोजलं कोणी, असं विचारलं की तिनं काय स्मशानाकडे बोट दाखवायचं?"

मी त्यांना म्हटले, तुम्ही गुरांचे डॉक्टर आहात, गुरांचे बघा. ते म्हणाले, "तेच बघतोय." आणि पेनाचे टोपण काढून माझ्यासमोर बसून राहिले.

म्हणून ही दुरुस्ती: कलम पाच मृत्यूनंतरचे नाही. ते आजपासून लागू आहे. मी खोट्या निवेदनावर सही केली, असे दोन ओळींचे पत्र माझ्या नाव-पत्त्यासह संस्थेला आणि चिमणीला रजिस्टर टपालाने पाठवले आहे. चौकशीला बोलावले तर मी जाईन. चिमणी माझे तोंडही पाहणार नाही, हे मी धरून चालते. तिचे उत्तर आले नाही तरी या कलमात बदल होणार नाही.

मोकळे वाटते आहे का, असे डॉक्टरांनी विचारले. नाही वाटत.

स्थळ: राहते घर, तिसरा मजला
दिनांक: ९ मार्च, सायंकाळी पाच, टपाल कार्यालयातून परत आल्यावर

सही: (स्वतःची, वाचून केलेली)

साक्षीदार १: गुरांचे डॉक्टर
साक्षीदार २: समोरच्या शिंपीणबाई. संस्थेच्या निवृत्त लिपिकांना बोलावले होते. पाचवे कलम वाचून ते चष्मा विसरून गेले. चष्मा माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जावा.