थोरलीचा एक्सिलेटर

३ नोव्हेंबर, सोमवार

थोरली आज फाटकावर धडकली. आपल्याच फाटकावर! मी शिलाई मशीनवर बसले होते, आवाजाने सुई बोटात जाता जाता राहिली. बाहेर येऊन बघते तर हे गुडघा धरून उभे, मोटरसायकल आडवी आणि इंजिन नुसतं किंचाळतंय. मीच किल्ली फिरवून बंद केलं.

"एक्सिलेटर अडकतो," म्हणाले. बास, एवढंच. गुडघा सोलवटलाय, पुढच्या दिव्याची काच गेली. मी नाही नाही ते बोलले. हे सदुसष्ट वर्षांचे, गाडी बावन्न वर्षांची — आवरायचं कुणाकुणाला? लग्नाच्या आधीपासून घरात आहे म्हणून मी तिला थोरली म्हणते. मी धाकटी. आजवर आमच्या दोघींचं कधी वाजलं नव्हतं.

गॅरेजला न्यायची नाही म्हणतात. जन्मभर लेथवर काम केलं, एक केबल माझं ऐकणार नाही?

४ नोव्हेंबर

मागच्या खोलीत माझी जुनी चादर अंथरून केबल सोडवली. उजेडाला बॅटरी धरायला मी. तेल हवं होतं, तेही माझ्या शिलाई मशीनचंच! केबल उभी धरायची, वरून थेंब थेंब तेल सोडायचं आणि खालून बाहेर पडेपर्यंत वाट बघायची. पाऊण तास बघितली. इतका वेळ आम्ही दोघं एका जागी कधी बसलो नव्हतो, भांडायलासुद्धा. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

६ नोव्हेंबर

हे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. पुन्हा अडकला.

८ नोव्हेंबर

आज कार्बोरेटर उघडला. आत बोटभर पितळी दट्ट्या असतो. हँडलची मूठ पिळली की केबल त्याला वर ओढते, गाडी पळते. मूठ सोडली की स्प्रिंग त्याला खाली बसवते. दट्ट्या वर अडकला की गाडी सुटलीच. मला हे सगळं समजलं याचं यांना कोण कौतुक! "तू आमच्या वर्कशॉपमध्ये हवी होतीस," म्हणाले. मी म्हटलं, मग कपडे कुणी शिवले असते, तुमच्या फोरमनने?

दट्ट्यावर एक ओरखडा नाही. भिंगातून मीच बघितलं. सात ब्लाउज पडून आहेत, बायका तगादा लावतायत आणि मी भिंग घेऊन कार्बोरेटर तपासतेय. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणते, "आई, तू बरी आहेस ना?"

१० नोव्हेंबर

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मीच बोलावलं. त्याने दहा वेळा मूठ पिळून सोडली. दहाही वेळा खटकन मागे. "काका, हिच्यात काही खोट नाही. नव्या गाडीची अशी नसते." यांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर म्हणाले, वरवर बघतात ही मंडळी, यांना धीर कुठे आहे.

मग स्वतः पिळून दाखवली. "हे बघ. अडकली."

मी बॅटरी केबलवर धरायची, ती चुकून त्यांच्या हातावर धरली होती. गाडीचं काहीच अडकलं नव्हतं. बोटं अडकली होती. हे सोडू बघत होते आणि बोटं उलगडतच नव्हती. मग एकदम उलगडली, आणि मूठ खटकन मागे गेली.

"दिसलं ना?"

"दिसलं," मी म्हटलं.

११ नोव्हेंबर

सकाळी चहा संपला तरी कप हातातच. पेपरच्या आडून डाव्या हाताने एकेक बोट सोडवलं. किती दिवस चाललंय हे? रस्त्यावरच्या माणसाचा खांदा अर्धा इंच तिरका असला तर मला लांबून कळतो, आणि समोर बसलेल्या नवऱ्याचा हात दिसला नाही!

सांगायला हवं. पुढच्या वेळी फाटक नसेल, ट्रक असेल. पण कोणत्या तोंडाने सांगू? केसाएवढा फरक बोटाने ओळखायचे हे. लांबून माणसं यायची यांच्याकडून काम करून घ्यायला. गाडी ठीक आहे, तुमचंच — छे. लिहवतसुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर

यांनी पुन्हा उघडून ठेवलेल्या कार्बोरेटरची स्प्रिंग उचलली आणि माझ्या बटणांच्या डब्यात टाकली.

१४ नोव्हेंबर

घर पालथं घातलं. कपाटाखाली, पायपुसण्याखाली, जुन्या बुटांत. मीही शोधतेय त्यांच्याबरोबर, तोंड वर करून! आश्चर्य म्हणजे चिडले नाहीत. एरवी चष्मा सापडला नाही तर घर डोक्यावर घेतात.

१७ नोव्हेंबर

नवी स्प्रिंग मागवायची तर पंधरा दिवस लागतील. "घाई काय आहे? शोधू की आपण," म्हणाले. दुपारभर जमिनीवर बसलो होतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी यांनी अख्खा दांडा चुकीचा कातला आणि घाबरून पिशवीत लपवून घरी आणला. सासूबाई पुढे कित्येक वर्षं तो दाराला टेकण म्हणून लावायच्या. इतक्या वर्षांत हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी पोट धरून हसले. आणि मनात सारखं, मी या माणसाला फसवतेय.

१९ नोव्हेंबर

शर्टाचं बटण तुटलं म्हणून हे आले. मी गाफील, डबा मांडीवर उघडा! स्प्रिंग अगदी वर, अंगठ्याएवढी. यांनी डब्यात नीट बघितलं. स्प्रिंगशेजारचं पांढरं बटण उचललं.

"हे लाव."

आणि मागच्या खोलीत जाऊन, बाकाखाली वाकून, पुन्हा स्प्रिंग शोधायला लागले.

२० नोव्हेंबर

सकाळी स्प्रिंग नेऊन त्यांच्यापुढे ठेवली.

"कधीपासून माहितेय?"

"त्याच दिवसापासून. तुला लपवता कधी आलंय?"

"स्प्रिंगचं नाही विचारत. हाताचं."

बराच वेळ चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. मग म्हणाले, "उन्हाळ्यापासून."

"मग केबल काय, कार्बोरेटर काय, कशाला उघडत बसलात?"

"गाडी दुरुस्त होते म्हणून."

मी रडले. तेही. चहा दोनदा गार झाला.

२५ नोव्हेंबर

नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गोळ्या दिल्यात. आजार जाणार नाही, पण सावकाश वाढेल म्हणाले. गाडी चालवायची नाही. "कुठलीच?" यांनी विचारलं. कुठलीच नाही.

घरी आल्या आल्या स्प्रिंग बसवायला घेतली. डाव्या हाताने यांनी धरली, मी दाबली. दोनदा उडाली, तिसऱ्यांदा बसली. चालू गाडीला गिऱ्हाईक पटकन मिळतं, म्हणाले. मी मूठ एकदा स्वतः पिळून बघितली.

७ डिसेंबर, रविवार

आज थोरली रस्त्यावर काढली. मी पुढे, हे मागे. आठ दिवस मैदानात मला शिकवताना किती ओरडले होते! घराशी आलो, इंजिन बंद केलं. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात सुटेना. डाव्या हाताने बोटं सोडवायला लागले. मी म्हटलं, राहू द्या.