बकरी मी मी करते

मुलुंड
३ ऑगस्ट १९७३

चि. जयवंतास,
नलूआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चार पानं हवामान आणि बटाटे. नोकरीबद्दल एक ओळ नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून बसलेल्या बाईपासून लपवतोस? गप्प बसलेला माणूस मला आधी ऐकू येतो.

इकडे तुझे बाबा हट्टाला पेटलेत. कॉम्प्युटर म्हणजे बेरजेचं मोठं यंत्र, ते शिकायला मँचेस्टर कशाला, असं माझ्या तोंडावर म्हणतात. तुला पाठवायचा आग्रह माझा होता ना. भांडुपच्या कारखान्यात स्टोअर्समधली जागा तुझ्यासाठी बघून ठेवली आहे. सप्टेंबरअखेर तुझा तिथे राहायचा परवाना संपतो, मग न येऊन जातोय कुठे, म्हणतात. तुझ्या आईला तर देवाकडे काय मागावं तेच कळेना. नुसतीच हात जोडते.

खरं काय ते लिही. लोभ आहे, वाढवावा असं तू अजून काही केलेलं नाहीस.

नलूआत्या


मँचेस्टर
१४ ऑगस्ट १९७३

ती. स्व. आत्यास,
जयवंतचा शि. सा. न. वि. वि.

ऐक तर मग. तीन ठिकाणी बोलावलं, तिन्हीकडून नकार. शेवटचा फार लागला. बसगाड्यांचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर बसवायचा माझा प्रोग्रॅम त्यांनी नीट वाचला, खूश दिसले. मग साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, आम्ही केलं. त्यात तुझा वाटा किती? आपणच आपलं कौतुक कसं करणार? म्हटलं, थोडाफार. काल उत्तर आलं, स्वतः प्रोग्रॅम लिहू शकणारा माणूस हवा आहे.

आत्या, प्रोग्रॅम भोकं पाडलेल्या कार्डांवर असतो, त्यातलं एकेक कार्ड मी पंच केलंय, बुटाच्या खोक्यातून मीच वाहिलंय. माझ्या कामात खोट कुठे आहे तेच समजत नाही. आता सहा सप्टेंबरचं एकच बोलावणं उरलंय. ते गेलं की भांडुप. बाबांना इतक्यात सांगू नकोस. रागावलीस तरी लोभ असू दे.

जयवंत


मुलुंड
२४ ऑगस्ट १९७३

चि. जयवंतास,
आशीर्वाद. आज ते मोजकेच.

खोट कामात नाही, तुझ्या जिभेत आहे. आम्ही केलं म्हणे! तिथे स्वतःला आम्ही फक्त राणीनं म्हणायचं. एक्स्चेंजमध्ये बोर्डावर एकटी असले तरी मीही म्हणायचे, आम्ही लाइन शोधतोय. पण ते खात्याचं बोलणं. आपल्या घरात आम्ही म्हणणं ही शालीनता. त्या साहेबाला त्यात दहा माणसं दिसली, आणि तू त्यांच्यामागे लपलेला.

मी मी बकरी करते, माणसानं करू नये, हे मीच तुला लहानपणी शिकवलं आणि बरोबरच शिकवलं. पण बकरीला नोकरी मागायची नसते. कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टर सांगायच्या, इंग्रजीत आय हे अक्षर वाक्याच्या मध्ये आलं तरी मोठंच लिहायचं. ते एवढं ताठ उभं असतं ते उगीच नाही. आरशासमोर उभा राहा आणि म्हण, आय डिड इट. लाज जाईपर्यंत म्हण.

तुझे बाबा भांडुपला होकार कळवायला निघाले होते. मी म्हटलं, दादा, सहा तारखेच्या आत कळवलंस तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही. थांबलाय, पण चपला काढलेल्या नाहीत. तेव्हा माझ्या तहानेचा विचार कर. लोभाचं नंतर बघू.

नलूआत्या


मँचेस्टर
१० सप्टेंबर १९७३

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुलाखतीच्या सकाळी हाती पडलं. आरशासमोर उभं राहायलाही वेळ नव्हता. बसमध्ये पुटपुटत गेलो, शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली.

तोच प्रश्न आला, हे कुणी केलं? दारात बाबा उभे राहून ऐकतायत असं वाटलं. कान तापले. म्हटलं, मी केलं. मदतीला कोण होतं? म्हटलं, कुणीच नाही. साहेब हसले नाहीत, मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिले. मला वाटलं, उर्मटपणा झाला, संपलं. चार दिवस जेवण गेलं नाही.

आज त्यांचं पत्र आलं. परवान्याचं तेच बघणार आहेत. इथे रोज मी मी करावं लागणार, करीन. घरी लिहिताना नाही करणार. आत्या, आपल्याला नोकरी लागली.

आता बाबांकडे जा आणि आधी पाणी पी. मग लोभ वाढव.

जयवंत