चार बोटं खाली

शनिवार, १२ तारीख

प्रिय पिपाणी,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचलीस हे आईकडून कळलं. फोन तू तिला केलास, मला नाही, पण असू दे. इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि तुझे भाऊजी गेले चार दिवस शिंकतायत, त्यामुळे घरात तेवढाच काय तो आवाज.

सोबत तुझा रिपोर्ट पाठवते आहे. आमचे मोठे डॉक्टर आता स्कॅन घरूनच वाचतात. मी सेंटरमधून चित्रं पाठवायची, त्यांनी बघून लिहायचं. उजवीकडची थायरॉईडची गाठ तेवढी आहे, बाकी सगळं नेहमीसारखं, असं त्यांनी लिहिलंय. तेव्हा येत्या शुक्रवारी निश्चिंत मनाने ऑपरेशनला जा. काळजी करण्यासारखं काही असतं तर मी सांगितलं नसतं का?

बुधवारी स्कॅनच्या वेळी तू फारच हसलीस हं. तू आत झोपलेली आणि वरून तुझाच आवाज, "श्वास रोखा. गिळू नका. बोलू नका." तुला आवरेना, पहिली चित्रं हलली आणि सगळं परत घ्यावं लागलं. तुला गंमत वाटली. मी तो आवाज गेली तीन वर्षं दिवसातून चाळीस वेळा ऐकते. त्याआधी पेशंटना मीच सांगायचे. मग माझ्या पन्नाशीला मोठे डॉक्टर घरी जेवायला आले, तू भाषण केलंस, आणि ते मला म्हणाले, "तुमच्या बहिणीचा आवाज मशीनला घालू या. तुम्ही श्वास रोखा म्हणालात की लोकांचा श्वास घाबरूनच अडकतो." सगळे हसले. मीही हसले. तू दुसऱ्याच दिवशी रेकॉर्डिंग करून दिलंस, फुकटात.

तक्रार नाही करत. जे आहे ते सांगते. आई रविवारी तुझ्या फोनच्या आधी केस विंचरून बसते. फोनवर कोण बघतंय तिला? आणि फोन ठेवल्यावर म्हणते, "काय गोड बोलते गं." मी दिवसभर तिच्याशी बोलते, ते तिला ऐकूच जात नाही. औषध घे म्हटलं की "काय?" आणि तू लांबून हळूच काही म्हणालीस तरी तिला शब्दन् शब्द कळतो. कान पण माणूस बघून ऐकतात वाटतं.

सर्जनना विचारून घे, आवाजाची नस सांभाळतात ना. आणि समजा बसलाच थोडा आवाज, तर काय आभाळ कोसळणार आहे? मी बसक्या आवाजानेच संसार केला ना. तुझं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम थांबेल थोडे दिवस, एवढंच. गंमत केली. रिपोर्ट चांगला आहे हे मात्र पक्कं.

तब्येतीला जप.

तुझी,
ताई


मंगळवार, १५ तारीख

प्रिय पिपाणी,

हे कुरियरचं पाकीट उघडल्यावर आधी त्यातली सीडी काढून पर्समध्ये ठेव. ती लगेच सर्जनच्या हातात दे, आणि शनिवारी मी पाठवलेला रिपोर्ट फाडून टाक. झालं का? आता बस आणि वाच.

तुझ्या गळ्याची घडण वेगळी आहे. आजार नाही, जन्मापासूनच तशी आहे. सगळ्यांची उजव्या हाताला रक्त नेणारी धमनी गळ्याच्या पायथ्याशी उजवीकडेच, पुढच्या बाजूला असते. तुझी पार डावीकडून निघते आणि अन्ननलिकेच्या मागून वळसा घालून उजवीकडे येते. शंभरात एखाद्याचं असं असतं आणि त्याला जन्मभर पत्ताही नसतो. पण आवाजाची नस एरवी त्या धमनीला खालून वळसा घालून वर जाते. तुझी धमनीच तिथे नाही, त्यामुळे नस बहुतेक वरच्या वर, आडवी, सरळ स्वरयंत्रात शिरत असणार. स्कॅनमध्ये नस दिसत नाही, धमनी दिसते. ज्या सर्जनला ही धमनी माहीत नाही तो नस नेहमीच्या जागी शोधतो, आणि आडवी आलेली नस म्हणजे एखादी बारीक रक्तवाहिनी समजून कापून टाकतो.

आमच्याकडे पूर्वी एका शिक्षिकेचं असंच झालं होतं. गाठ निघाली, आवाज गेला. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांनी मला नियम घालून दिला, गळ्याचा स्कॅन असला की गळ्याखालच्या हाडापाशी थांबायचं नाही, चार बोटं खाली जायचं. पंधरा वर्षं मी जाते. तुझ्याही वेळी गेले, हात सवयीनेच गेला. आणि पडद्यावर ती धमनी आली.

मी ती बघितली, पिपाणी. तू बाहेर बूट घालत होतीस आणि आमच्या रिसेप्शनिस्टला हसवत होतीस. माझ्या मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते. ही आत पण खास आहे. शंभरातली एक. आम्ही आपले नेहमीसारखे, आणि हिच्या रक्तवाहिन्यासुद्धा चारचौघांसारख्या असणार नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका धमनीवरून. कोणाला सांगितलं तर हसतील.

मग मी डॉक्टरांना चित्रं पाठवताना खालची चार बोटं कापून टाकली. जबड्यापासून हाडापर्यंत पाठवली. ते म्हणाले असते की नेहमीपेक्षा कमी आहेत, पण माझ्यावर त्यांचा इतका विश्वास की त्यांनी विचारलंही नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. ते खोटं बोलले नाहीत. खोटं मी बोलले, आणि वर तुला लिहिलं की काळजी करू नकोस.

तुझा आवाज जावा असं मला वाटत होतं का? मी तीन दिवस स्वतःला सांगत होते की नाही, मला फक्त काही करायचं नव्हतं. मी काही करणार नाही, जे व्हायचं ते होईल, माझा काय संबंध. पण शनिवारी ते "बसलाच थोडा आवाज" लिहिताना माझा हात अडखळला नाही. उलट बरं वाटलं. म्हणजे वाटत होतं.

काल सकाळी एक सुतार आला होता, छातीच्या स्कॅनसाठी. भला मोठा माणूस, पण घाबरलेला. मशीनमध्ये गेला आणि तुझा आवाज सुरू झाला, "श्वास घ्या. रोखा." मला तो एक क्षणही सहन होईना. मी बटण फिरवून आवाज बंद करून टाकला. चित्रं झाली, मी पडद्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने काचेतून पाहिलं तर तो माणूस तसाच पडलेला, चेहरा लालभडक, डोळे बाहेर आलेले. त्याला कोणी सोडा म्हणालंच नव्हतं ना. मी धावत आत गेले आणि ओरडले, "सोडा, अहो सोडा." उठून बसल्यावर धापा टाकत तो काय म्हणाला माहीत आहे? "त्या बाईंनी सांगितलं की सोडणारच होतो." त्या बाई म्हणजे तू. इतका भरवसा.

मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. मूळ चित्रं मशीनमध्ये आठवडाभर राहतात, मग आपोआप पुसली जातात. तुझी उद्या पुसली गेली असती. मी ती काढली, तुझ्यासाठी सीडीवर घातली, मोठ्या डॉक्टरांना पूर्ण पाठवली आणि फोन करून सांगितलं, कापली होती, मुद्दाम कापली होती. त्यांनी चित्रं उघडून बघितली. मग म्हणाले, "कोणाची चित्रं आहेत माहीत होतं तुम्हाला?" मी हो म्हणाले. त्यांनी लगेच नवा रिपोर्ट केला आणि तुझ्या सर्जनशी स्वतः बोलले. सर्जन आता नस वरच्या बाजूला शोधणार आहेत. माझ्याबद्दल मोठे डॉक्टर एवढंच म्हणाले की शुक्रवारनंतर बघू. बघतील ते बघतील. मी माझ्या बचावात काही सांगायला जाणार नाही.

फोन का केला नाही म्हणशील. केला असता तर तू तुझ्या त्या आवाजात "जाऊ दे गं ताई" म्हणाली असतीस. ते मला झेपलं नसतं, आणि खरं सांगू, त्यावरही मी जळले असते. जळणं गेलेलं नाही. तुला वाटेल कबूल केलं म्हणजे ताई धुतल्या तांदळासारखी झाली. नाही झाले. काल रात्री आई तुझा विषय काढून पुन्हा "काय गोड बोलते गं" म्हणाली आणि मला पुन्हा पोटात दुखलं. पण तिला मी सांगितलेलं नाही, आणि तू सांगायचं की नाही ते तू ठरव. तुझा हक्क आहे.

मशीनमधला तुझा आवाज मी परत चालू केला आहे. पूर्ण मोठा.

शुक्रवारी तुला शुद्ध आली, बोलता यायला लागलं, की आईच्या आधी मला फोन कर. शिव्या दे, मोठ्यांदा दे, हव्या तेवढ्या दे, मी सगळ्या ऐकेन. फक्त शेवटी ते एक वाक्य म्हण, मशीनमध्ये म्हणतेस तसं. तोपर्यंत मी श्वास रोखून बसले आहे. सोडा म्हणेपर्यंत सोडणार नाही.

तुझा,
भोंगा
(हे नाव तूच ठेवलंस, पाच वर्षांची असताना. मी त्याचाही राग धरला होता.)