एकास बारा

३ जानेवारी
नवीन वही. समास स्केलने आखला. हाताने समास आखणाऱ्यांचं पुढे काय होतं ते मी पाहिलेलं आहे.
ताईने बातमी आणली. अपंगांच्या चळवळीत ज्यांनी नेतृत्व केलं, त्यांना यंदापासून पुरस्कार. मानपत्र, स्मृतिचिन्ह, भरल्या सभागृहात टाळ्या. ऐकताक्षणी ठरवलं, आपण प्रयत्न करायचा नाही. ज्याला मिळायचा त्याला तो शोधत येतो. फक्त शोधणाऱ्यांकडे पत्ता असावा म्हणून ताईला सहज विचारलं, समितीवर ओळखीचं कोण आहे. म्हणाली, सगळेच.

४ जानेवारी
कामगिरी लिहायला बसलो.
एक, रॅम्प.
दोन नंबर सुचेना. पण एक नंबरच असा की दुसऱ्याची गरज नाही. ताई व्हीलचेअर वापरते. घर आम्हा दोघा भावंडांचं, दाराला दोन पायऱ्या, उंची चौदा इंच. नियम एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. म्हणून रॅम्प बरोबर चौदा फूट, पायरीखालून थेट उंबऱ्यापर्यंत. इंचभर जास्त नाही, कमी नाही. चौकटी उठलेला पत्रा, दोन्ही बाजूंना कठडा, प्रायमरचे दोन हात. वेल्डिंग कुणाकडे शिकलो नाही. एक जुनं पुस्तक आणि दोन पोळलेली बोटं. पितळी पाटी लावली आहे : संकल्पना व निर्मिती, आणि खाली मी.
बायको म्हणाली, पाटी रॅम्पच्या आधी तयार होती. क्रम काहीही असो.

७ जानेवारी
माझं नाव सुचवशील का, असं ताईला विचारलं. ती म्हणाली, मी एकटी बाहेर जाऊन एकटी आत येऊ शकले, की त्याच दिवशी सुचवते.
तिची जुनी तक्रार. आमचं दार जाळीचं, बाहेर उघडतं. वर पोचल्यावर तिला दार स्वतःकडे ओढावं लागतं आणि खुर्ची तर उतारावर. तिचं म्हणणं, चाकांना दोन हात लागतात, दाराला तिसरा कुठून आणू. दारापुढे सपाट जागा हवी, थांबायला.
मी समजावलं की उतार अचूक आहे. ती म्हणाली, उतार अचूकच आहे रे, अगदी अचूक मागे नेतो.
तोडगा मी कधीच काढला आहे. तिने वर येऊन फोन करायचा, मी दार उघडतो. दिवसातून कितीही वेळा. माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही. ही सेवा समितीला कुणी सांगायची?

११ जानेवारी
केस कापायला गेलो होतो. परतलो तर ताई दाराशी, कठड्याला धरून. बायको बाजारात, फोन माझा घरात. बराच वेळ बसली असावी, ऊन तोंडावर आलं होतं. पण फोनवर मजेत गप्पा मारत होती. कुणाला तरी सांगत होती, हो ना, आत्ताही तिथेच आहे, आत बघतेय.
मी दार उघडलं. म्हणाली, केस छान कापलेत.
संकल्प : फोन खिशातच ठेवायचा.

२५ जानेवारी, रविवार
शोधत आले. ताईच्या संस्थेची माणसं, रॅम्प बघायला. ताई रोज खोलीत बसून फोन करते ती हीच संस्था. मी समजत होतो, बायकांचं भिशीसारखं काहीतरी असेल.
एक वकील, दृष्टी नाही. बँकेतली एक बाई, व्हीलचेअरवर. मी पुस्तक, लेव्हलची नळी आणि टेप तयार ठेवला होता. वकिलांनी पत्र्यावर पांढरी काठी टेकवत टेकवत वर जाऊन एकच प्रश्न विचारला, दार कुठे उघडतं. आश्चर्य वाटलं. वेल्डिंगबद्दल एक अक्षर नाही.
बँकवाली वर गेली, दार ओढलं आणि मागे घसरली. मी धावत जाऊन खुर्ची पकडली. ती वकिलांना म्हणाली, लिहून घ्या. माझी चपळाई नोंदवली गेली.
मग म्हणाली, आमची एक पद्धत आहे. ज्याने रॅम्प केला त्याने खुर्चीत बसून स्वतः घरात जाऊन दाखवायचं, त्याशिवाय आम्ही पास करत नाही. या, बसा.
मी गुडघ्याचं कारण सांगितलं. ती म्हणाली, गुडघ्याचं काम नाहीये त्यात.
सपाट जागा करायची तर रॅम्प पाच फूट पुढे येतो, म्हणजे तिथे सावलीत उभी असलेली माझी स्कूटर उन्हात. एकोणीस वर्षांत तिच्या रंगाला ओरखडा नाही. प्रश्नच येत नाही.
बहुधा चांगली छाप पडली.

८ फेब्रुवारी
भाषणाचा सराव बाथरूममध्ये, आवाज घुमतो. सुरुवात : मी काही नेता नाही. इथे थांबायचं. लोक नाही नाही म्हणतील. मग पुढे.
बायको बाहेरून म्हणाली, नाही नाही, गीझर बंद करा आधी.

१० मार्च
समितीचा फोन. स्वतः वकील. म्हणाले, तुम्ही यायलाच हवं, थोडं लवकर या, दारापाशी आम्हाला तुमची गरज लागणार आहे.
पाहुण्यांचं स्वागत सत्कारमूर्तीने करायची प्रथा दिसते. नवे बूट घेतले. चावतात. दोन वेळा घालून सैल करायचे.
ताईला काही बोललो नाही. पण तिने इस्त्रीला साडी टाकली. मनात म्हटलं, भावाचं कौतुक लपत नाही.

२१ मार्च, रात्र
कार्यक्रम झाला.
सभागृहाचं दार बाहेर उघडतं. वर पंप असा लावलाय की सोडलं की आपटतं. वकिलांनी मला तिथे उभं केलं आणि छातीवर बिल्ला लावला. वाचला तर, स्वयंसेवक. म्हटलं, चुकून दुसऱ्याचा आला. एकेक खुर्ची, कुबडी, काठी आत जात होती, मी दार धरून. कुणी थँक यू म्हणत होतं, कुणी मला दारच समजत होतं.
नाव पुकारलं तेव्हा मी एक पाय आत टाकला. ताईचं होतं.
नीट दिसलं नाही. दार सोडता येत नव्हतं, पण माईक चांगला होता. ताई म्हणाली, माझ्या भावाने मला फार देखणा रॅम्प करून दिला. त्यावरून मी माझ्याच दारापर्यंत पोचते आणि तिथेच बसते. बसल्या बसल्या करणार काय, फोन करू लागले. कळलं की कुणी बँकेच्या दारात बसलंय, कुणी शाळेच्या, कुणी दवाखान्याच्या. आमची संस्था अशी दाराबाहेर उभी राहिली.
लोक हसले. मग टाळ्या थांबेनात. मीही वाजवणार होतो. हात मोकळे नव्हते.
परतताना मी गाडी चालवत होतो. ताईने विचारलं, राग आला का. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, मग निघ, सिग्नल कधीचा हिरवा आहे.

२२ मार्च
शांतपणे विचार केला. संस्था रॅम्पमुळे झाली. रॅम्प माझा. म्हणजे मूळ पुरस्कार कुणाचा, हे शाळकरी पोर सांगेल. बायकोला विचारलं. तिने शाळकरी पोराला विचारा म्हणून सांगितलं.

२४ मार्च
समोरचे निवृत्त हेडमास्तर फाटकात भेटले. म्हणाले, पेपरात वाचलं, ते देखण्या रॅम्पवाले तुम्हीच ना. मी म्हटलं, काम आहे जरा.
पितळी पाटी पॉलिशला द्यायची म्हणून काढून ठेवली.

२९ मार्च, दुपार
बायको आणि ताई एका लग्नाला. ताईची जुनी खुर्ची माळ्यावरून काढली. केवळ बेअरिंग तपासायला.
बसलो. वर गेलो. चढायला खरोखर छान आहे, हे नमूद करतो. कडीला हात घातला.
दुसऱ्यांदा डाव्या हाताने करून पाहिलं. तिसऱ्यांदा खुर्ची तिरकी लावून.
त्यानंतर हात उरला नाही. एक चाक घट्ट धरून, दुसरा हात कठड्याला, तसाच बसून राहिलो. दार हातभर लांब. जाळीतून आत माझा चहा दिसत होता, साय धरलेला. उठून चालत जाता आलं असतं. का कोण जाणे, उठलो नाही.
हेडमास्तर गॅलरीतून म्हणाले, येऊ का मदतीला. मी म्हटलं, नको, तपासणी चालू आहे.

५ एप्रिल
रॅम्प कापला. माझंच वेल्डिंग, तुटता तुटेना. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दारापुढे पाच बाय पाच सपाट जागा, पुढे उतार पूर्वीचाच, एकास बारा. स्कूटर रस्त्यावर, ताडपत्रीखाली. ताई टेप धरून बसली होती. एका वेल्डवर बोट ठेवून म्हणाली, हे जरा घास. घासलं.
पास करताना बँकवालीने मला खुर्चीत बसवलं. आत गेलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पद्धत नाही म्हणे.

१९ एप्रिल
सकाळी ताई घरात नव्हती. बायको म्हणाली, गेली कुठेतरी, तिने सांगायलाच हवं का.
फोन खिशात ठेवून दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसलो. पेपर संपला. छोट्या जाहिरातीही वाचल्या. फोनची रिंग वाजते का ते बायकोच्या फोनवरून तपासलं. वाजते.
दुपारी पत्र्यावर चाकांचा आवाज आला. मी हातातला पेपर ठेवेपर्यंत दार उघडलं होतं आणि ताई आत होती. म्हणाली, बस, उठू नकोस.
मी म्हटलं, मी कुठे उठत होतो.