भट्टीच्या दाराशी

प्रिय बारके,

ही मातीची पाटी कच्चीच पाठवतेय, कारण भाजायला गावात विस्तव नाही. आधी हात कोरडे कर आणि मग वाच. तुझ्या धांदरटपणाचा काही नेम नाही.

सुगीच्या आधी आकाशातून आगीचा गोळा टेकडीवर पडला, हे तुझ्या कानावर आलंच असेल. त्यातून निघालेल्या जनावराबद्दल मात्र कुणी धड सांगितलं नसेल. बैलाएवढं, काळंकुट्ट, ना डोळे ना तोंड. ते मांस खात नाही, ऊब खातं. चूल असो की माणूस, ऊब लागली की त्यावर जाऊन पडतं. तुझे भावोजी मेंढवाड्यात सापडले. अंगावर ओरखडा नव्हता, पण भर दुपारी दगडासारखे गार पडले होते. मी त्यांचे हात चोळत बसले होते, बारके. शेवटी बाबांनी मला उठवलं.

तेव्हापासून गावभर चुली बंद. शिकाऱ्यांचे भाले त्याच्या ओल्या मातीसारख्या मऊ अंगात रुतायचे आणि गळून पडायचे. मग बाबांनी डोकं लढवलं. मोठी भट्टी पेटवली, जनावर आत शिरलं आणि बाबांनी दारात विटा रचून ते लिंपून टाकलं. इथवर सगळं झकास. पण जन्मभर कुंभारकी केलेला माणूस तो! रांजण भाजल्यावर निवू देतात तशी त्यांनी सवयीनं भट्टी सावकाश निवू दिली. जनावर दार फोडून बाहेर आलं ते चांगलं खणखणीत भाजून. आता भाला लागला की नुसता टणत्कार होतो. आणि जनावर नदीच्या अंगानं तुमच्या गावाकडे सरकायला लागलंय.

काल मला तू आठवलीस. रांजण बघायची घाई झाली म्हणून तू तापलेल्या भट्टीचं दार उघडून वर घागरभर पाणी ओतलं होतंस, आठवतं? सगळे रांजण तडातडा फुटले. बाबांनी तुला उपाशी झोपवलं आणि मी चोरून खायला आणून दिलं. तुझा तोच गाढवपणा आता आम्ही मुद्दाम करणार आहोत. मऊ होतं तेव्हा ते फुटलं नसतं. आता भाजलंय, म्हणजे तडकणार. उद्या भट्टी पेटवायची, त्या उबेनं ते माघारी वळून आत शिरलं की दार पुन्हा लिंपायचं, लालभडक होईपर्यंत थांबायचं, मग दार फोडून कालव्याचं पाणी आत सोडायचं. दार फोडायला एकजण अगदी दाराशी लागतो. ती वेळ भट्टीच्या आवाजावरून ओळखायची असते आणि बाबांना आता नीट ऐकू येत नाही. म्हणून मी उभी राहणार आहे.

भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण हात कापत नाही. अक्षर बघ हवं तर.

आता मुद्द्याचं. नावाड्याच्या मागे घोंगडी पांघरून बसलीय ती माझी लेक. तिला वाटतंय, ती मावशीकडे चार दिवस मजेत राहायला आलीय. तसंच वाटू दे. झोपेत लाथा मारते, भिंतीकडच्या बाजूला झोपव. भावोजींची आठवण तिच्यासमोर काढू नकोस, आपण होऊन बोलली तर ऐकून घे. आणि एक बजावून ठेवते: माझी काही खबर आली नाही, कितीही दिवस आली नाही, तरी तिला तुला आई म्हणू देऊ नकोस. मावशीच म्हणू दे. मी तिला न्यायला येणार आहे.

तुझीच,
थोरली