कौसाबाईची दोन खुराडी

नवीन जालना, १२ नोव्हेंबर १९९६

आज दुपारी कौसाबाईला नको ते बोलले. भांडी घासता घासता ती म्हणाली, नात अशक्त आहे म्हणून तिच्या भाकरीत सोयाबीन दळून घालते. मी भडकले. तेलाच्या कारखान्यासाठी आलेलं पीक, ते तीन वर्षांच्या पोरीच्या पोटात? "कुणी सांगितलं गं तुला हे?"

"कुणी न्हाई, बाई. आधी कोंबडीच्या पिल्लायला घालून पाह्यलं."

एका खुराड्यात कच्चं भरडून, दुसऱ्यात शिजवून, वाळवून. बाकी दाणा सारखाच. महिन्याभरात शिजवलेलं खाणारी पिल्लं चांगली वाढली, कच्चं खाणारी एवढीशीच राहिली. तिने राखेने भरलेल्या हाताची मूठ करून दाखवली.

कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला प्रयोगवही लिहायला शिकवलं. पुढे तीस वर्षं शाळेत मी तेच शिकवलं. कच्चं सोयाबीन पचनाला अडवतं, शिजवलं की तो दोष जातो, हे तर वाचलेलंही होतं. मग आज का आठवलं नाही? राग आला की वाचलेलं जातं कुठे? आणि हिने, अक्षर न ओळखता... ती मूठ डोळ्यांसमोरून जात नाही.

"मंग पोरीला देऊ ना, बाई?" इतकं करूनही विचारलं मलाच.

"दे. असंच शिजवून दे. आणि उद्या त्यातली एक भाकरी मला आण."

"आणते की," ती म्हणाली. "महिनाभर खा. तुमचं बी पाहू."