राणीने तोंड कशाने धुवावं

१ जानेवारी १९८६, बुधवार

कंपनीने डायरी दिली. संकल्प एकच. चेहरा.

काल मंडळाची मीटिंग झाली. सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा आणि रात्री दशावतार. गेली अकरा वर्षं राणी मी. पुरुषाने बाईचं काम करावं तर चंद्रप्रकाश परबने, असं अख्खं मुलुंड पूर्व म्हणतं. नक्की कोण म्हणालं ते आता आठवत नाही. आणि काल आमचा नाटकाचा मालक धोंडूदादा सगळ्यांसमोर म्हणतो, चंदू, अवंदा राणी कोणाक देऊची ता मागीर बघूया, लवूचा तोंड बरा आसा.

नंतर बघूया म्हणे! आणि लवू! तळमजल्यावरच्या सोनूबाईंचा मुलगा. परवापर्यंत ह्याला शेंबूड पुसता येत नव्हता. आता कॉलेजात जातो म्हणून राणी होणार. माझ्या मढ्यावरून हो म्हणावं.

संध्या. ७.३०. आरशात नीट पाहिलं. नाकावर तेल, गालावर खड्डे, कपाळ काळवंडलेलं. वयाचा प्रश्न नाही. छत्तीस हे काय वय आहे? दोष साबणाचा. सुलक्षणा लग्नापासून तोच लाल जंतुनाशक साबण आणते. त्याच वडीने ती मोरी धुते आणि मी तोंड.

२ जानेवारी

सुलक्षणाला साबणाबद्दल स्पष्ट सुनावलं. ती म्हणाली, अहो, मी पण तोच लावते, माझं तोंड बघा. बघितलं. एक डाग नाही. म्हणून मग भांडण डाळीवरून काढलं.

५ जानेवारी, रविवार

पेपरच्या पुरवणीत लेख. देव आहे. चेहऱ्याला सौम्य क्लेन्झर वापरावा, दिवसातून दोनदा, कोमट पाणी, हलका हात, घासू नये, तेलकट पदार्थ टाळावेत. लिहिणारी कोणीतरी बाई आहे, पण हुशार दिसते.

अर्थात लेख बायकांसाठी आहे. पुरुषाची कातडी जाड. त्यामुळे दोनदा म्हणजे सहादा धरायचं.

आणि तेलकट टाळावेत! इथे माझी ट्यूब पेटली. नाटक संपलं की आम्ही सगळे रंग कशाने उतरवतो? खोबरेल तेलाने. का? तर धोंडूदादाचा बाप तसं करायचा. अकरा वर्षं ह्या लोकांनी माझी वाट लावली. आजपासून खोबरेल बंद. बाटली सुलक्षणाला दिली. ती म्हणाली, बरं झालं, डोक्याला होईल.

७ जानेवारी

ग्लिसरीनचा साबण आणला. आरपार दिसतो. सकाळी दोनदा, कंपनीत दोनदा, घरी आल्यावर दोनदा. तोंड ताणल्यासारखं वाटतं. म्हणजे घट्ट होतंय.

रात्री वडी अर्धी झालेली. चौकशी केली. सुलक्षणाने माझ्या शर्टाच्या कॉलरी घासल्या. म्हणाली, झकास निघतो हो मळ! ह्या बाईशी मी बारा वर्षं संसार केला आहे. त्याबद्दल मंडळाने खरं तर माझा सत्कार केला पाहिजे.

९ जानेवारी

तिसऱ्या मजल्यावरच्या मालनकडे गेलो. ती घरातच ब्यूटी पार्लर चालवते. हीच ती मालन, जी मागच्या वर्षी पहिल्या रांगेत बसून मोठ्याने म्हणाली होती, अगं बाई, राणी आहे की राजाची आई? विसरलेलो नाही. पण कामापुरता मामा.

एका मित्रासाठी विचारतोय म्हणालो. ती माझ्या नाकाकडे बघत म्हणाली, मित्राला सांग, साबण सोड, हे क्लेन्झिंग मिल्क कापसाने हलकेच लाव आणि पाण्याने धू. आणि एकच काहीतरी धर बाबा. महिनाभर तेच. रोज नवीन काही लावू नको, तोंडाची भाजी होईल.

धंदेवाईक बाई. एकच धर, म्हणजे तिचंच धर. तुलना केली तर पितळ उघडं पडेल ना. बाटली घेतली. तुलना करणारच.

१२ जानेवारी, रविवार

मी स्टोअरकीपर आहे. माल तपासल्याशिवाय आत घेत नाही. आजपासून चाचणी.

डावा गाल: मालनचं मिल्क. उजवा गाल: बेसन आणि दही. कपाळ: मुलतानी माती. हनुवटी: ग्लिसरीन. जो भाग जिंकेल त्याचा क्लेन्झर पुऱ्या तोंडाला.

पण धुण्यासाठी मुळात काहीतरी लागायला हवं. घरी बसून तोंडावर असा काय मळ येणार? तेव्हा ट्रंकेतून रंग काढला. रोज संध्याकाळी पूर्ण राणी रंगवायची. सफेदा, वर पिवळी पिवडी, गालाला लाल हिंगूळ, डोळ्यांत काजळ. मग चारही भाग आपापल्या क्लेन्झरने उतरवायचे. तेलाचा थेंब नाही. अशी शास्त्रीय पद्धत दशावतारात आजवर कोणी वापरली नसेल.

रंग काही केल्या निघेना. लेखात घासू नये लिहिलंय. पण हलक्या हाताने अर्धा तास चोळणं म्हणजे घासणं नव्हे.

१३ जानेवारी

साहेबांनी विचारलं, परब, डोळ्यांत काय घातलंय? उरलेलं काजळ. साथ आलीय म्हणालो. साहेब दोन पावलं मागे सरकले. दिवसभर कोणी स्टोअरमध्ये फिरकलं नाही. उत्तम दिवस.

१४ जानेवारी, संक्रांत

लवू दारात. तिळगूळ घ्या, गोड बोला, चंदूकाका. तिळगूळ घेतला.

मग सहज विचारलं, तू रे तोंडाला काय लावतोस? म्हणाला, काय नाय, पाणी. कधी आई बेसन देते, नाहीतर पाणी. आणि हसला. गाल कसा, नुसता सायीसारखा. पाणी म्हणे! ह्याचा मामा दुबईला आहे. तिथून काहीतरी येत असणार आणि हे मायलेक दाबून बसलेत. मला विचार शालूची निरी कशी घालतात, सांगतो का बघ.

१६ जानेवारी

सुलक्षणाचं हळदीकुंकू. मला तिने सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं म्हणते.) मी मोरीतून बाहेर आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत बायका बसलेल्या. माझं अर्धं तोंड राणी, अर्धं बेसन.  मग सोनूबाई म्हणाली, बसा ना वहिनी, कुंकू लावते. पाच मिनिटं कोणाचं हसू थांबेना. मालन तर खुर्चीवरून खाली आली.

सुलक्षणा हसली नाही. वाण वाटताना तिचे कान लाल झालेले दिसले. बायका गेल्यावर म्हणाली, अहो, ऐका जरा, गालाची सालं निघतायत तुमच्या. मी म्हणालो, जुनी कातडी जाते तेव्हाच नवी येते. ती म्हणाली, नागाची.

१८ जानेवारी

चाचणीचा निकाल. डावा गाल लाल. उजवा गाल लाल आणि वर पुरळ. कपाळाला भेगा. हनुवटी सुजलेली.

डावा गाल त्यातल्या त्यात बरा, म्हणजे मालन जिंकते. हे मान्य करणं शक्य नाही. चाचणी रद्द. ह्यापुढे चारही एकत्र करून लावायचे. चार सौम्य गोष्टी एकत्र आल्या तर चौपट सौम्य होतील, साधा हिशेब आहे.

१९ जानेवारी, रविवार

तालीम. तालीम म्हणजे काय, दशावतारात लिहिलेलं नाटक नसतंच. मालक गोष्ट सांगतो, आपण उभं राहून बोलायचं. तिथे डोकं लागतं. लवूला वनवासात निघालेल्या राणीचं बोलायला सांगितलं. काय बोलला? नाथ, मला भूक लागली. लोक रडले! सोनूबाई तर हुंदके देत होती, पण ती आईच आहे, तिला धरू नये.

मग मी. राणीचा शोक असा केला की जीव ओतला. रडताना डोळ्यांतलं पाणी गालावर आलं आणि अशी आग झाली, अशी आग झाली की मी खरोखर किंचाळलो. धोंडूदादा उठून जवळ आला. हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मेल्या, म्हणाला, ह्या काय करून घेतलंस? मी म्हणालो, तेज आहे.  राणी कोण ते नाटकाच्या दिवशी सांगतो म्हणाला.

म्हणजे मीच. लवू असता तर आत्ताच सांगितलं असतं.

२१ जानेवारी

सुलक्षणा जबरदस्तीने डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाला, सगळं बंद. फक्त साधं पाणी, खरखरीत वाटलं तर थोडं खोबरेल. महिनाभर रंग लावायचा नाही. खोबरेल! ह्यांना डिग्र्या देतं कोण? मी विचारलं, सव्वीस तारखेचं काय? म्हणाला, सव्वीसला काय आहे, झेंडावंदन ना? अशा माणसाशी काय बोलणार.

घरी येताना सुलक्षणा म्हणाली, एक वर्ष राणी नाही झालात तर काय आभाळ कोसळणार आहे?  तिला कसं सांगू? वर्षभर मी नट-बोल्ट मोजतो. साहेब मला नावाने नाही, स्टोअर म्हणून हाक मारतात. एक रात्र मी शालू नेसून उभा राहिलो की पाचशे माणसं गप्प होतात. ते लवूला कशाला पाहिजे? त्याला तर अख्खं आयुष्य पडलंय.

हे लिहायला नको होतं. पण पेनने लिहिलं गेलं.

२४ जानेवारी

आज लिंबू पिळून बघितलं. लिंबू नैसर्गिक.

सायंकाळी ६. लिंबू परत कधीही नाही. शेजारच्यांनी दार ठोठावलं. सुलक्षणाने त्यांना सांगितलं, काही नाही, हे राणीची प्रॅक्टिस करतायत.

२६ जानेवारी, रविवार, दुपारी ३

पूजा झाली. सकाळपासून फक्त पाणी लावलं. चेहरा खूपच सुधारला आहे, असं मला स्पर्शाने कळतं. आरसा सुलक्षणाने कुठे ठेवलाय ते सांगत नाही. तिला सांगितलं, रात्री पहिल्या रांगेत बस, राणी मीच आहे. 

माझा शालू, माझी नथ आणि माझं गंगावन घेऊन निघतो आहे.

२७ जानेवारी, सोमवार

आज रजा.

काल स्टेजच्या मागे ट्रंका मांडलेल्या. आमच्यात प्रत्येक जण आपला रंग आपणच लावतो. मीही बसलो. सफेद्याचं पहिलं बोट गालाला लावलं आणि डोळ्यांसमोर काजवे चमकले. तरी लावला. रंग धरेचना. सालाबरोबर निघून हातात येत होता. तिसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा धोंडूदादाने माझा हात धरला. म्हणाला, चंदू, पुरे. अवंदा तू गणपती घे. तुज्या तोंडाक रंग लागूचो नाय.

नाटकाच्या सुरुवातीला गणपती येतो. लाकडी मुखवटा, सोंड, मुकुट. एक शब्द बोलायचा नसतो. नाचायचं, आशीर्वाद द्यायचा आणि निघायचं. हे काम आम्ही कोणालाही देतो. ज्याला काहीच येत नाही त्याला देतो.

भांडणार होतो. तेवढ्यात लवू आला. अर्धवट नेसलेला, निरी सुटलेली. चंदूकाका, म्हणाला, ही तुमच्यासारखी बसत नाय, प्लीज. मी म्हणणार होतो, मर तिकडे. पण माझे हात आपोआपच पुढे गेले. निरी घातली. नथही मीच अडकवली. माझीच. साला दिसत होता चांगला. फार चांगला दिसत होता.

मुखवटा घातला. आतून कोणाकोणाच्या घामाचा वास, आणि लाकूड गालाला घासतंय. पेटी वाजली, बाहेर आलो. मुखवट्याच्या भोकांतून पाचशे माणसं दिसली. सगळे उभे राहिले. मालनने हात जोडले. साहेब असते तर त्यांनीही जोडले असते. पहिल्या रांगेत सुलक्षणा. डोळे मिटून, पदर डोक्यावर घेऊन, ओठ हलतायत. बारा वर्षांत ती माझ्यासमोर एकदाही अशी उभी राहिली नव्हती. माझा हात आशीर्वादाला वर गेला तो खाली घ्यायचं भान राहिलं नाही. मागून धोंडूदादा हळूच म्हणाला, गणपती, आता चल.

मग राणी आली. लोक गप्प झाले. मी विंगेत मुखवटा मांडीवर घेऊन बसून राहिलो.

घरी आलो तर सुलक्षणा जेवण झाकून वाट बघत होती. लवूला राणी म्हणून बघितलं आणि ती नाटक सोडून घरी आली होती. तिला वाटलं, मी रुसून पळालो. कुठे होतात म्हणाली. मागेच होतो, म्हणालो. तिने खोबरेलची बाटली काढली आणि गालाला लावून दिलं. आग झाली नाही. म्हणजे फार नाही झाली.

लावता लावता म्हणाली, गणपती मात्र छान झाला हो यंदा, मेल्याचा हात किती वेळ वर होता, मी मागून घेतलं. काय मागितलंस, विचारलं. म्हणाली, काय मागणार, तुमचं थोबाड बरं होऊ दे.

आत मीच होतो हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, म्हणजे नवस फुकटच गेला.